नोंदवहीतले नाव: १८७१ची यादी आणि आजची चारित्र्य पडताळणी (दीर्घ धागा)

१/
नोकरीची मुलाखत चांगली झाली, कागदपत्रे जमा झाली, रुजू होण्याची तारीखही ठरली. आणि मग निरोप येतो: पार्श्वभूमी तपासणीत गुन्ह्याची नोंद आढळली, सबब नियुक्ती थांबवली आहे. पुष्कळदा ती नोंद त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाची असते, किंवा ज्या खटल्याची ती असते तो निर्दोष सुटकेत कधीच संपलेला असतो. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. ही नोंद खोडायची कोणी? आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करायचे कोणी?

हे प्रश्न संगणकाबरोबर आले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे. तो या धाग्यात क्रमाने पाहू.

२/
आरंभ मुरबाड तालुक्यातून करू. कल्याणहून माळशेजकडे जाताना वैशाखरे हे गाव लागते. येथून नाणेघाटाची चढण जवळ. घाटमाथ्यावरच्या सातवाहनकालीन लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत त्यांची नावे होती. आज प्रतिमा जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत; पावलांच्या काही खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. त्या नावांमुळेच सातवाहनांचा आरंभीचा इतिहास आपण सांगू शकतो.

माणूस जातो आणि नोंद उरते, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे भाग्य. परंतु जिवंत माणसासमोर त्याची चुकीची नोंद येऊन उभी राहते, तेव्हा तेच बळ त्याच्यावर उलटते.

३/
या परिसरात ही शक्यता किती जवळची आहे, पाहा. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी यांची वस्ती मोठी. कातकरी वाड्यांमध्ये वाघ, मुकणे, हिलम, पवार, जाधव अशी मोजकी आडनावे पुन्हा पुन्हा येतात. एकाच नावाआडनावाची दोन-तीन माणसे शेजारच्या वाड्यांत सापडणे नवलाचे नाही.

त्यात ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी रीत अशी की, जन्माची नोंद नसलेल्या मुलाची जन्मतारीख गुरुजी शाळेत १ जून लिहीत. म्हणजे नाव जुळले आणि तारीखही जुळली! वीटभट्टीच्या हंगामात कुटुंब सहा-सात महिने गावाबाहेर असते, त्यामुळे पत्त्याचा आधारही डळमळीत. या तरुणाने मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा भिवंडीच्या गोदामात अर्ज केला, तर यादी चाळणाऱ्याला तो आणि त्याचा नामबंधू वेगळे कसे दिसणार?

४/
आता १८७१ सालात जाऊ. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे अजामीनपात्र गुन्हे करतो असे मानण्यास कारण आहे, असे प्रांतिक सरकारला वाटले की त्या समूहाला गुन्हेगार घोषित करण्याचा मार्ग खुला होई. मग त्या समूहातील माणसांची नोंदवही तयार केली जाई.

बारकाईने पाहावे असे येथे काही आहे. नोंदवहीत नाव येण्यासाठी त्या माणसाने गुन्हा केलेला असण्याची आवश्यकता नव्हती. जन्म पुरेसा होता. आपल्याकडे बाप सुतार तर मुलगा सुतार, मग बाप चोर तर मुलगाही चोरच, हा त्यामागचा तर्क. जातिव्यवस्थेचे वसाहती आकलन येथे फौजदारी कायद्यात उतरले.

५/
नोंद चुकीची असेल तर काय? या कायद्याने दोन दारे दाखवली आणि दोन्ही जवळजवळ बंद ठेवली.

पहिले दार न्यायालयाचे. कलम ६ने सांगितले की, समूहाला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासायची नाही. अधिसूचना हाच अंतिम पुरावा.

दुसरे दार तक्रारीचे. नोंदवहीतील नोंदीने आपल्यावर अन्याय झाला असे ज्याला वाटेल त्याने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी आणि मॅजिस्ट्रेटने आपल्या मर्जीप्रमाणे नाव ठेवावे किंवा खोडावे. पण हा मॅजिस्ट्रेट म्हणजे त्याच जिल्हा प्रशासनाचा अधिकारी, ज्याच्या हुकमाने नोंदवही तयार झाली. पुढे १९२४च्या कायद्यातही कलम ८मध्ये हीच तरतूद राहिली.

म्हणजे दाद मागण्याचा हक्क कागदावर होता. मात्र लिहिणारा आणि खोडणारा हात एकाच यंत्रणेचा होता.

६/
१८७१चा कायदा आरंभी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. १९११च्या सुधारित कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले, आणि १९२४मध्ये सर्व तरतुदी एकत्र करणारा नवा कायदा झाला.

मधल्या काळात नोंद ठेवण्याचे तंत्र बदलले होते. १८९७मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग स्थापन झाला. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचे मोठे काम होते. हे तंत्र नव्या कायद्यात आले आणि नोंदवहीतील कोणत्याही व्यक्तीचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ठशामुळे एका माणसाची दुसऱ्याशी गल्लत टळत होती हे खरे. पण मुळात हा माणूस यादीत का आहे, या प्रश्नाला ठशाकडे उत्तर नव्हते.

७/
नोंदीबरोबर ‘हजेरी’ आली. ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे उभे राहायचे, मुक्काम बदलला तर कळवायचे. नोंदणीकृत व्यक्ती चोरीच्या बेतात असावी अशा परिस्थितीत आढळली, तर १९२४च्या कायद्याखाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शके. घोषित जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा होताना किमान ७ वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा, अशी चढती श्रेणी होती. अपवाद करायचा तर न्यायालयाला विशेष कारणे द्यावी लागत.

या श्रेणीत पहिल्या चुकीच्या नोंदीचे मोल किती होते, याचा विचार करा. नोंद संशय निर्माण करी, संशयातून शिक्षा होई आणि ती शिक्षा पुढच्या शिक्षेचे वजन वाढवी.

८/
नोकरीशी या सगळ्याचा संबंध काय? फार जवळचा. मुंबई इलाख्यात १९१०च्या सुमारास विजापूरपासून ‘सेटलमेंट’ वसवण्यास आरंभ झाला. पुढे हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. या योजनेचे सूत्रधार होते ओ. एच. बी. स्टार्ट हे सनदी अधिकारी. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे तेथल्या कापडगिरण्यांत कामाला जात. काम मिळत होते, पण वसाहतीच्या शिस्तीत आणि हजेरीच्या बंधनात; परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे. बाहेरच्या जगात स्वतःच्या हिमतीवर काम शोधणाऱ्याला मात्र यादीतले नाव आडवे येई.

हेच स्टार्ट १९२८मध्ये नेमलेल्या मुंबई सरकारच्या समितीचे अध्यक्ष होते. अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या स्थितीचा तिने अभ्यास केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अमृतलाल ठक्कर हे तिचे सदस्य होते. एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत पाळत आणि कल्याण ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालली होती, हे त्या काळाचे वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे.

९/
यादी कोणाची होती? महाराष्ट्राच्या आजच्या ‘विमुक्त जाती’ प्रवर्गात बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, राजपारधी, छप्परबंद अशी १४ नावे आहेत. फासेपारधी आज अनुसूचित जमातीत आहेत, पण पोलिसी संशयाचा वारसा त्यांनाही मिळाला.

आणि मुरबाडचे कातकरी? काथ पाडणे हा त्यांचा मूळ व्यवसाय, नावही त्यावरूनच पडले. १८७८च्या वन कायद्याने जंगलावर सरकारी मालकी घट्ट केली आणि खैराची तोड हातची गेली. वसाहतकालीन वर्णनांत मात्र त्यांच्या उपासमारीपेक्षा चोरटेपणाची चर्चा अधिक आढळते. जंगलातून कालपर्यंत हक्काने आणलेली लाकडाची मोळी नव्या कायद्यात चोरी ठरली. कायद्याची व्याख्या बदलते तेव्हा जुने जगणेही गुन्ह्याच्या रकान्यात जाते, हे त्याचे ठळक उदाहरण.

१०/
कायदा गेला कसा? १९३७मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि क. मा. मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी झाली, अहवाल १९३९चा. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९मध्ये हा कायदा रद्द केला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. म्हणूनच भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर या समाजांना ५ वर्षे १६ दिवस थांबावे लागले.

पण त्याआधीच, १९४७मध्ये, मुंबई प्रांताने सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केलेला होता. पुढे १९५९चा ‘मुंबई सराईत गुन्हेगार कायदा’ आला. आता मोजमाप जमातीचे नव्हते. वैयक्तिक शिक्षांचे होते. तत्त्व म्हणून हा बदल मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अडचण एवढीच की, पिढ्यान्पिढ्या ज्यांना केवळ संशयावरून पकडले गेले, त्यांच्याच नावावर शिक्षांची संख्याही जास्त होती. २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली.

११/
नोंदवही रद्द झाली तरी तिच्या खुणा पत्त्यातही राहतात. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता आहे. अर्जातल्या पत्त्याच्या रकान्यात तो लिहिला की अर्जदाराचे आजोबा कोठे होते, हे माहीतगार माणसाला न विचारताच कळते.

लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथेचे नाव ‘उचल्या’. तिला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने जमातीला गुन्हेगार म्हटले जाई, तोच शब्द मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाशेजारी छापणे ही सुद्धा नोंदीविरुद्धची एक तक्रारच होती. ती मॅजिस्ट्रेटकडे न जाता वाचकांकडे गेली.

१२/
यादीतला संशय किती दूर जाऊ शकतो, हे ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिसते. जून २००३मध्ये एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. त्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना दोषी ठरवण्यात आले आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली.

५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांचा तपासच झाला नव्हता, हे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आयुष्याची सोळा वर्षे गेल्यावर ही दुरुस्ती झाली. भारतीय न्यायव्यवस्था आपली चूक सुधारू शकते याचा हा पुरावा, आणि ती सुधारण्याची किंमत कोण मोजतो याचाही.

१३/
आता आजच्या पडताळणीकडे येऊ. पोलिसांचा चारित्र्य दाखला हा एक मार्ग. दुसरा मार्ग खासगी संस्थांचा: त्या न्यायालयांच्या संकेतस्थळांवर पक्षकाराचे नाव टाकून खटले शोधतात. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. आरोपीला आपल्यावरील आरोप लवकर कळावा, हा त्यामागचा चांगला हेतू. परंतु अहवाल जितक्या लवकर चढतो, तितक्या लवकर निर्दोष सुटकेची बातमी त्याच्या शेजारी येऊन बसत नाही.

चुका साधारण तीन प्रकारच्या. एक, दुसऱ्याच माणसाची नोंद आपल्या नावावर. दोन, संपलेला खटला ‘प्रलंबित’ दिसणे. तीन, आरोप आणि शिक्षा यांतला भेद अहवालात पुसला जाणे. पैकी तिसरी चूक आपल्याला १८७१कडे सर्वाधिक जवळ नेते, कारण तेथेही संशय हाच निकाल होता.

१४/
अमेरिकेत १९७०चा ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ आहे. त्यानुसार पार्श्वभूमी अहवालाच्या आधारे नोकरी नाकारण्याआधी उमेदवाराला त्या अहवालाची प्रत द्यावी लागते, आणि उमेदवाराने हरकत घेतली तर अहवाल देणाऱ्या संस्थेने साधारणतः ३० दिवसांत फेरतपासणी करायची असते. भारतात नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १२मध्ये चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. मात्र गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठीच्या वापराला कलम १७ने मोठी सूट दिली आहे. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’चा प्रश्न हाती घेतला. मागास, अनुसूचित आणि विमुक्त समाजांतील निरपराध माणसांची नावे त्यात यांत्रिकपणे चढू नयेत आणि त्या नोंदींची वेळोवेळी तपासणी व्हावी, याकडे त्याने सर्व राज्यांचे लक्ष वेधले.

१५/
आपल्यापैकी कोणावर, किंवा गावातल्या कोणावर, ही वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा.

पहिले: नकाराचे कारण लेखी मागा. खटल्याचा क्रमांक, न्यायालय, पोलीस ठाणे आणि वर्ष मिळाल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरे: नोंद दुसऱ्याची असेल तर त्या खटल्यातील आरोपीच्या वडिलांचे नाव, वय आणि पत्ता न्यायालयीन कागदावरून काढा आणि आपल्या कागदपत्रांशी फरक दाखवा. १ जूनवर विसंबू नका.

तिसरे: नोंद आपली असून खटला संपला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून घ्या. ती नियोक्ता, पडताळणी करणारी संस्था आणि पोलीस अधीक्षक (मुरबाड-शहापूरसाठी ठाणे ग्रामीण) या तिघांनाही लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.

चौथे: अर्जात काही लपवू नका. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माहिती खरी द्यावी. पण नियोक्त्यानेही गुन्ह्याचे स्वरूप आणि परिस्थिती तपासून निर्णय घ्यावा, आणि जे अर्जात स्पष्टपणे विचारलेच नाही ते लपवले असा ठपका ठेवू नये.

पाचवे: अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा.

१६/
१८७१ आणि आजची तुलना करताना संयम हवा. आज जन्मावरून कोणाला यादीत घालता येत नाही, न्यायालयाचे दार उघडे आहे, आणि २०२२च्या फौजदारी ओळख कायद्यात, पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाची निर्दोष सुटका झाल्यास त्याची मापे आणि ठसे नष्ट करण्याची तरतूद आहे. हे सारे दीर्घ संघर्षाने मिळालेले आहे.

तरीही एक गोष्ट बदललेली नाही. नोंद करायला एका ओळीचे कष्ट पडतात. ती खोडायला मात्र मजुरी बुडवून तालुक्याचे, जिल्ह्याचे हेलपाटे घालावे लागतात. हे कष्ट नोंद करणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत, ज्याची नोंद झाली त्याच्या वाट्याला येतात. म्हणून कोणतीही यादी वाचताना, मग ती दफ्तरखान्यातली असो वा संकेतस्थळावरची, दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ: ही कोणी लिहिली, आणि यातला माणूस तिच्यावर हरकत घ्यायला कोणाकडे जाऊ शकत होता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘जो लिहितो त्याच्याकडेच’ असे आले, तर त्या यादीला पुरावा म्हणण्याआधी थांबावे.

धागा समाप्त. आपल्या भागातील सेटलमेंट, हजेरी किंवा विमुक्त दिन यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल तर खाली अवश्य लिहा. मात्र कोणाचे नाव लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या.